वुल्फच्या संग्रहातल्या कथांचा एकमेकींशी मेळच लागत नाही, सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबऱ्या आवडल्या म्हणून 'मंडे ऑर ट्यूजडे' हा तिचा कथासंग्रह घेतला, आणि आठ कथा आठ दिशांना पळतात म्हणून अर्ध्यात थांबलात.

प्लीज सोडू नका. माझंही पहिल्या वेळी अगदी हेच झालं होतं. एका कथेत भुताचं जोडपं घरभर फिरतंय, दुसरीत पुरुषांनी आजवर नक्की काय चांगलं निर्माण केलं ते तपासायला बायका निघाल्यात, तिसरी तर हिरवा आणि निळा अशा दोन छोट्या तुकड्यांतच संपते, आणि मी आपला सगळ्यांत एक समान धागा शोधत बसलो. तो शोधायचाच नव्हता.

हे पुस्तक आलं १९२१ला, तिच्या आणि नवऱ्याच्या स्वतःच्या होगार्थ प्रेसमधून. त्याआधीच्या तिच्या दोन्ही कादंबऱ्या बऱ्यापैकी सरळ सांगितलेल्या आहेत, आणि १९२२च्या 'जेकब्स रूम'मध्ये तिनं तो साचा पार मोडून टाकला. हा संग्रह बरोब्बर मधला. जानेवारी १९२०च्या डायरीत ती नव्या कादंबरीचा विचार करताना यातल्याच तीन कथांची नावं घेते, की या तिघींनी एकमेकींचे हात धरून नाचावं. म्हणून आधी त्या तीनच वाचा.

पहिली 'द मार्क ऑन द वॉल'. भिंतीवर एक डाग दिसतो, उठून बघितलं की प्रश्न मिटला, पण कथा सांगणारी खुर्चीतून उठतच नाही आणि विचार कुठल्या कुठे जातात. शेवटी कळतं ती गोगलगाय होती. मग 'क्यू गार्डन्स', तिथे पुन्हा गोगलगाय! फुलांच्या वाफ्याशेजारून माणसं जोडीजोडीनं जातायत, त्यांचे बोलण्याचे तुकडे कानावर पडतात, आणि खाली ही गोगलगाय एका वाळक्या पानापाशी अडलीय, वळसा घालू की वरून जाऊ. ती शेवटी पानाखालून जाते. माणसांना जेवढी जागा तेवढीच तिला दिलीय, हे दिसलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ नुसता बसलो होतो.

तिसरी 'ॲन अनरिटन नॉव्हेल', माझी सगळ्यात लाडकी. रेल्वेच्या डब्यात समोर एक बाई बसलीय, हातमोज्यानं खिडकीच्या काचेवरचा डाग घासतेय, आणि तेवढ्यावरून निवेदक तिचं नाव, एकटेपण, जुना अपराध असं अख्खं आयुष्य रचत जाते. पुढे स्टेशनवर काय होतं ते नाही सांगत, पण कादंबरीकाराचं डोकं कसं चालतं ते इतक्या जवळून मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेलं नाही.

बाकीच्या पाच सावकाश, दिवसाला एकच, रंगांची ती छोटी मोठ्यानं वाचून बघा. आणि लगेच 'जेकब्स रूम' हातात घ्या.