लस, डोळा आणि न फवारलेली ओळ

कोविडच्या लसीपासून सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वरचेवर येतो. लस घेतली आणि नजर गेली, आता पोरांना लस द्यायची का?

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार पाच-सहा वेळा आले. पत्नीला दुसऱ्या डोसनंतर बाराव्या दिवशी एका डोळ्यानं अंधुक दिसू लागलं होतं. डोळा फिरवला की दुखायचं, लाल ओढणी फिकी दिसायची. निदान, डोळ्याच्या नसेला सूज. उपचारांनी नजर बरीच परतली. पण मुलाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस यांनी अडवून धरलेला.

"बाराव्या दिवशी, मॅडम! अजून काय पुरावा पाहिजे?"

मी आकडे काढले नाहीत. विचारलं, "औषध फवारलं आणि आठवड्यात घड गळाले, तर औषधानंच गळाले म्हणता?"

"असं कसं? हवा बघायची. न फवारलेल्या ओळीत गळ आहे का, बघायचं."

बोलले आणि थांबले. मीही पंख्याचा आवाज ऐकत बसले. ही सूज लस न घेतलेल्यांनाही येते, कधी विषाणूमुळे, कधी स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीमुळे. लसीनंतरच्या नोंदी आहेत, पण क्वचित. हे सगळं मी सांगणारच होते. त्याआधी न फवारलेली ओळ त्यांनीच काढली, याचं मला अजून अप्रूप आहे.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "ती नको म्हणत होती. लायनीत मीच उभं केलं तिला."

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. माणूस मनाशी कोणतं वाक्य घोकतोय, ते शोधते. इथं ते लसीबद्दल नव्हतंच. लसीवर राग धरला की स्वतःवरचा तेवढा हलका व्हायचा. तिथून पुढचं काम सोपं झालं.

अशा घरांना मी एवढंच बजावते: डोळा दुखून नजर उतरली, रंग विटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. लसीची तारीख लपवू नका, आरोग्य केंद्रात नोंद करायला लावा, त्या व्यक्तीचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारूनच. आणि स्टिरॉइडच्या गोळ्या मनानं नकोतच. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास पुन्हा जास्त झाला होता.

महिन्याभरानं फोन आला. "दिला डोस. तिनंच मांडीवर घेतलं पोराला. अंग जरा गरम आहे, झोपलाय. मी जागाच आहे."