कवेलू गेले, धूर राहिला

उन्हाळा आला की तालुक्याच्या गावांतून जुन्या घरांची पत्रं येतात. नावं बदलतात, गोंधळ तोच असतो. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो.

मातीच्या भिंतीचे पोपडे सुटतात. मिस्त्री म्हणतो, सिमेंटचा गिलावा मारा, कटकट कायमची मिटेल. (मेहकर)

मिटत नाही, झाकली जाते. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं की ओल आतच राहते, माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. चुन्याचा गिलावा द्या, नाहीतर माती, शेण आणि भुशाचा. त्याआधी पागोळ्यांचं पाणी पायाशी पडतं का, ते बघा. काळ्या मातीत पाया पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. भिंतीला तिरपी भेग असेल तर गिलाव्याचं नंतर, आधी इंजिनिअरला दाखवा.

कूलर दिवसभर चालतो, दारं-खिडक्या घट्ट बंद, तरी अंग चिकचिकतं. (मूल)

कूलरच्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, म्हणून समोरची खिडकी उघडा. आणि आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो.

टिनांवर मारायचा रंग दुकानदार दाखवतो, वीस अंश फरक म्हणतो. (वरोरा)

वीस अंश कुठं, टिनाच्या अंगावर की खाटेवर, हे त्याला विचारा. पांढऱ्या रंगानं पत्रा कमी तापतो, हे खरं. पण खोलीतला फरक त्याहून बराच कमी असतो, आणि पत्र्याच्या तापमानाचा आकडा खोलीचा म्हणून विकला जातो. स्लॅब असेल तर चुन्याचे दोन हात स्वस्तात पडतात.

कवेलू (कौलं) काढून टिना टाकल्या, खाली सीलिंग केलं. गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. सासूबाईंचा खोकला महिनाभर जात नाही. हवा शुद्ध करायचं मशीन घ्यावं का? (दारव्हा)

नको. आणि आधी सासूबाईंना दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांवरचा खोकला असला की टीबीसाठी थुंकीची तपासणी हवीच. महिना वाट पाहिलीत, तेच चुकलं.

आता घराचं. कवेलूंच्या फटींतून धूर आपसूक वर निघून जायचा. घर काळं व्हायचं, पण धूर जायचा. आपण ते कवेलू काढले, वर टिना, खाली सीलिंग, फटी बुजवल्या, खिडकीला धूळ नको म्हणून काच लावली. चूल मात्र होती तिथंच. हवेतल्या बारीक कणांची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. बंद सैपाकघरात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटल्या की हा आकडा शेकड्यांत जातो. अशा धुरात मशीनची जाळी लवकरच तुंबेल, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तिच्यात अडकतच नाही. दहा-पंधरा हजार घालवून मिळणार काय, तर पंख्याचा आवाज.

उज्ज्वला योजना २०१६ ला आली. तरीही मी पाहतो त्या घरांत सिलिंडर कोपऱ्यात आणि पऱ्हाट्यांचा ढीग दाराशी. पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात, सिलिंडर भरायला पैसे लागतात, हे कळतं मला. म्हणून चूल टाका म्हणत नाही, बाहेर काढा म्हणतो: परसात, चारी बाजूंनी उघड्या छपराखाली. आतच ठेवायची असेल तर धुराडं आढ्याच्या वर न्या आणि समोर खाली हवा यायला जागा ठेवा. धुराडं सीलिंगमधून जाणार असेल तर आगीची भीती असते, ते काम जाणकाराकडूनच करवून घ्या. पेटवायला सायकलची ट्यूब वापरत असाल, तर आजपासून बंद.

शेजारीण म्हणते, घरात उभ्या, लांब पानांच्या स्नेक प्लांटची कुंडी ठेवली की हवा शुद्ध होते.

दिसायला छान. चुलीच्या धुराचं ती काही करत नाही.

थंडीत रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावलं तर चालेल का?

नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे आहेत, कापून गोठ्याला वापरू का? (आर्वी)

कापू नका, भोकं पाडू नका, फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची भुकटी फुफ्फुसात गेली की कर्करोगाची भीती. अखंड असतील तर हलवूच नका. काढायचेच असतील तर ओले करून, आणि आधी माहितगार माणसाला विचारून. मृगाच्या आधी विचारा.