आईनं विड्या वळल्या, माझ्याकडे सिगारेटचे शेअर

प्रश्न: आईनं सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून आम्हाला शिकवलं. माझ्याकडे एका सिगारेट कंपनीचे शेअर आहेत. 2020 मध्ये 2 लाख 40 हजारांना घेतले, आज 4 लाख 60 हजार झालेत. आता ते खुपतात. विकून ईएसजी फंडात, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून गुंतवणूक करणाऱ्या फंडात, टाकू का? तत्त्वापायी तोटा तर होणार नाही? मुलाची इंजिनिअरिंगची फी दोन वर्षांनी सुरू होईल.
– एक शिक्षिका, सोलापूर

ताई, विका. पण कंपनीला धडा मिळेल या आशेनं नको. तुमचे शेअर बाजारात दुसरं कुणीतरी घेईल, कंपनीच्या गल्ल्यातून एक रुपयाही जाणार नाही. विकायचे ते स्वतःच्या मनासाठी, आणि मला ते कारण पुरेसं वाटतं. लाभांश मात्र चुकेल; तंबाखूवाले तो सढळ हातानं देतात.

तत्त्व आणि नफ्याचं म्हणाल, तर टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 सालीच आठ तासांची पाळी आली. स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा आला 1948 मध्ये. तो कारखाना आजही चालू आहे. उलट सत्यम या आयटी कंपनीला 2008 मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी 2009 मध्ये खुद्द संस्थापकानं खोट्या हिशेबांची कबुली दिली. सचोटीनं धंदा बुडत नाही, पण बिल्ला बघून सचोटी ओळखता येत नाही. आणि व्यसनाच्या धंद्यात पैसा नाही, असं मी विड्यांच्या सोलापुरात बसून कुठल्या तोंडानं म्हणू?

ईएसजी फंडाचंही तेच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2023 मध्ये अशा फंडांचे सहा प्रकार ठरवले. ठरावीक धंदे वगळणं हा त्यातला एकच. म्हणून नावावर जाऊ नका. फंडाच्या माहितीपत्रकात तंबाखू वगळल्याचं स्पष्ट लिहिलंय का आणि यादीत कोणत्या कंपन्या आहेत, हे वाचा. जास्त परताव्याची अपेक्षाही धरू नका.

मला खरी काळजी फीची वाटते. तुम्ही 2020 मध्ये शेअर घेतलेत, म्हणजे त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त कोसळला होता, ते आठवत असेलच. ऐन प्रवेशाच्या वेळी तसं झालं तर फंड कितीही सोवळा असला तरी तोट्यात विकावा लागेल. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांच्या फीपुरते, समजा 3 लाख, बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा. उरलेले 1 लाख 60 हजारच फंडात, तेही निदान सात वर्षं हात लावणार नसाल तर.

विकताना घाई नको. नफा 2 लाख 20 हजारांचा आहे आणि एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही. सगळे एकदम विकलेत तर वरच्या 95 हजारांवर साडेबारा टक्क्यांनी कर, उपकर धरून 12,350 रुपये जातील. निम्मे 31 मार्चच्या आत आणि निम्मे एप्रिलमध्ये विकलेत, दुसरा असा नफा नसेल आणि भाव फारसा हलला नाही, तर काहीच कर लागणार नाही.