मूलतत्त्ववादी: दोन त, आणि एक बुंधा

प्रश्न असा आलाय की 'मूलतत्ववादी' लिहायचं की 'मूलतत्त्ववादी', आणि त्याचा अर्थ 'कट्टर' एवढाच का? पहिल्याचं उत्तर सोपंय, तत् अधिक त्व, म्हणून दोन त. विषय संपला.

दुसऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण टीव्हीवर कुठेही बॉम्ब फुटल्याची बातमी आली की हा शब्द सर्रास फेकतात आणि ऐकून खरंच वैताग येतो. हा ज्या फंडामेंटलिस्टचा मराठी अवतार आहे तो अमेरिकेतल्या प्रोटेस्टंटांचा अगदी घरचा शब्द. १९१० ते १९१५ मध्ये तिथे 'द फंडामेंटल्स' नावाचे १२ खंड निघाले, पैसा युनियन ऑइलच्या लायमन स्टुअर्टचा आणि त्याच्या भावाचा, म्हणजे तेलाचा, आणि पाद्री, मिशनरी, धर्मशास्त्राचे विद्यार्थी यांना ते फुकट वाटले, सगळ्या मिळून ३० लाखांच्या आसपास प्रती. बायबलमध्ये चूक नाही, येशू कुमारीपोटी जन्मला, तो मेल्यावर पुन्हा उठला, ही सोडायची नाहीत अशी तत्त्वं. मग १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बॅप्टिस्ट संपादकाने त्यांच्यासाठी भांडायला तयार असणाऱ्यांना फंडामेंटलिस्ट हे नाव दिलं. मिरवायचं नाव होतं ते!

तरी काही जाणकार ठासून सांगतात की स्कोप्स खटल्यात पत्रकारांनी ही शिवी घडवली. अहो, खटला १९२५ चा, शब्द त्याआधी पाच वर्षं छापलेला, निदान साल तरी बघा. टेनेसीतल्या डेटन गावात उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स मास्तरांना १०० डॉलर दंड झाला, आणि तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले, स्कोप्सविरुद्ध खटला चालवणारे ब्रायन यांना स्कोप्सच्या वकिलाने, डॅरोने, थेट साक्षीला बसवून बायबलवरून उलटतपासलं, शहरी पेपरांनी त्याची यथेच्छ टर उडवली, आणि तिथून या नावाला अडाणीपणाचा वास चिकटला. खरं तर त्या खंडांतले जेम्स ऑरसारखे लेखक उत्क्रांतीबद्दल बरेच मवाळ होते, पण हे कोण वाचतंय. पुढे १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर शब्द मुसलमानांना सरसकट लावला जाऊ लागला.

आता खरी मजा. फंडामेंटलच्या पोटात लॅटिन 'फुंडुस' आहे, म्हणजे तळ, बूड. त्याचा सख्खा भाऊ संस्कृतातला 'बुध्न', जो उत्तराभाद्रपदेची देवता 'अहिर्बुध्न्य' हिच्या नावात बसलाय, तळाशी राहणारा सर्प. आणि माझ्या मते आपला झाडाचा 'बुंधा' याच घरातला! उलट 'मूळ' म्हणजे लॅटिन 'रॅडिक्स', त्यावरून आला रॅडिकल, मुळापासून बदल मागणारा. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने फंडामेंटलिस्टला चक्क त्याच्या विरोधकाची कुळी चिकटवली, एक बुंध्याला मिठी मारून बसलेला, दुसरा मुळाशी खणणारा. मला विचाराल तर 'पायावादी' हवा होता, निदान पाया तरी खाली असतो. कुणी म्हणेल 'मूलतत्त्व' मराठीत रुळलंय, मूळ आणि पाया एवढा फरक कोण करतो. मी करतो, आणि शब्दांवर अधिकाराने बोलणाऱ्यांनीही करायला हवा.

आणि बॉम्ब फोडणाऱ्याला अतिरेकी म्हणा, दहशतवादी म्हणा, शब्द आहेत की आपल्याकडे.