तयार प्रश्नावली मिळते, मग पद्धती कशाला शिकायच्या?

तू मानसशास्त्रात एम.ए. करतोयस, पुढे संस्थांमधल्या नेतृत्वावर पीएच.डी. करायचा विचार आहे. पण संशोधन पद्धतीचा पेपर नकोसा वाटतो. ‘प्रश्नावल्या तयार मिळतात, भरून घ्यायच्या. मग एवढा वेळ का घालवू?’ असं तू विचारलंयस.

त्या तयार प्रश्नावलीचंच बघ. १९७५ मध्ये ईडन आणि लेव्हिएटन या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून एका काल्पनिक कारखान्यातल्या साहेबांच्या वागण्याबद्दल अशी प्रश्नावली भरून घेतली. कारखान्याबद्दल दिलेल्या माहितीत तिथले साहेब कसे वागतात, याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. तरी मुलांनी ती भरली आणि त्यातून जे घटक (म्हणजे एकत्र जाणाऱ्या उत्तरांचे गट) निघाले, ते खऱ्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांतल्या घटकांशी जुळले! मग आपण मोजतो ते साहेबाचं वागणं, की ‘साहेब असाच असतो’ हे भरणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र?

दुसरी गोम कार्यकारणाची. आपुलकीने वागणाऱ्या साहेबाच्या हाताखाली काम चांगलं होतं, असं सर्वेक्षणात दिसलं की आपण श्रेय साहेबाला देऊन मोकळे. लोविन आणि क्रेग या संशोधकांनी १९६८ मध्ये उलट बाजूने प्रयोग केला: हाताखालचा माणूसच मुद्दाम कधी हुशार, कधी कच्चा ठेवला. कच्चा माणूस वाट्याला आला की साहेब जास्त पाळत ठेवायचे, आपुलकीही आटायची. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कोणामुळे कोण बदललं, हे कळणार कसं?

व्यवस्थापनाचा अभ्यासक मिंट्झबर्ग तर प्रश्नावलीच्या वाटेलाच गेला नाही. पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांसोबत तो प्रत्येकी आठवडाभर राहिला, तेव्हा त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत उरकणारी निघाली. ‘तुमचे साहेब दूरदर्शी आहेत का?’ या प्रश्नातून हे सापडलं नसतं. अर्थात पाच जणांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, हेही आहेच.

तेव्हा आधी तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून काढ आणि त्याला कोणती पद्धत लागते ते ठरव. गाइड निवडताना त्यांच्या अलीकडच्या शोधनिबंधांतला पद्धतीचा भाग वाच. विषय जुळूनही इथेच बिनसतं. आणि हो, आकडेवारी झेपत नाही म्हणून मुलाखतींकडे पळू नकोस. एक तासभराची मुलाखत स्वतः शब्दशः उतरवून बघ. चार-पाच तास सहज जातील, कोडिंग (म्हणजे उत्तरांतले मुद्दे शोधून त्यांना नावं देणं) त्यानंतर.