होम्सची नवी कथा लिहिताना

गुप्तहेर शेरलॉक होम्सची पहिलीच कथा लिहितो आहेस, तर पाइप आणि टोपी जरा बाजूला ठेव. आधी होम्सचा मित्र वॉटसन, त्याचा आवाज पकड. मूळच्या 60 पैकी 56 गोष्टी तोच सांगतो. बेकर स्ट्रीटवरच्या होम्सच्या घराचा जिना तो शेकडो वेळा चढलाय, पण पायऱ्या किती ते त्याला सांगता येत नाही. होम्स लगेच सांगतो, 17. तुझा धागादोरा असाच हवा: वॉटसनने पाहिलेला, वाचकानेही वाचलेला, तरी दोघांच्या हातून निसटलेला. शेवटच्या पानावर अचानक काढलेला पुरावा वाचकाला फसवल्यासारखा वाटतो. होम्सचा कट्टर शत्रू मॉरिआर्टी, त्याला कथेत आणायचा मोह आवर. लिहून झालं की मोठ्याने वाच. वॉटसन बावळट वाटला तर पुन्हा लिही. अफगाण युद्धात जखमी झालेला डॉक्टर आहे तो.