दहावी-बारावीला मिळालेली लर्निंग डिसेबिलिटीची सवलत पदवीला कशी मिळवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला लर्निंग डिसेबिलिटी आहे, वाचन आणि लेखन दोन्ही अवघड जातं. दहावी-बारावीला बोर्डाकडून वाढीव वेळ आणि लेखनिक मिळाला होता. आता तो महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात एफ.वाय. बी.कॉम.ला आहे. सत्र परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे आणि ऑफिसात सांगतात, "आम्ही विनाअनुदानित, अशी सोय आमच्याकडे नसते." शिवाय भावाला लेखनिक घ्यायचा संकोच वाटतो.

आधी ऑफिसच्या उत्तराबद्दल. ते चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि नुसती मान्यता असलेल्या अशा दोन्ही संस्थांना लागू होतं, आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायला सांगतं. कलम 17 मध्ये परीक्षेचा वाढीव वेळ आणि लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. गोंधळ बहुधा कलम 32 मुळे होतो. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागा त्या कलमात आहेत, आणि त्या फक्त सरकारी व अनुदानित संस्थांसाठी आहेत. जागांचा नियम आणि परीक्षेच्या सोयीचा नियम वेगळे आहेत, हे ऑफिसात शांतपणे पण ठामपणे सांगा. कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत लर्निंग डिसेबिलिटी आहे, हेही सांगावं लागेल, कारण पुष्कळ ठिकाणी दिव्यांग म्हणजे डोळे, कान आणि हातपाय एवढंच डोक्यात असतं.

मात्र बोर्डाची सवलत आपोआप पुढे चालू राहत नाही. बोर्डाची परवानगी बोर्डापुरती. स्पेलिंगच्या चुका न धरणं, सवलतीचे गुण यांसाठी प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात, त्यामुळे "बोर्डाने दिलं होतं" या मुद्द्यावर तिथे अडायला होतं. तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं दिव्यांग विद्यार्थ्यांबाबतचं परिपत्रक मिळवा आणि अर्ज त्याच्याच शब्दांत लिहा. वेळ आणि लेखनिक या दोन गोष्टी मात्र कायद्यातच आहेत, त्यांच्यासाठी परिपत्रकाची वाट पाहू नका.

आता प्रमाणपत्र. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे लर्निंग डिसेबिलिटीची तपासणी 14 व्या वर्षी आणि पुन्हा 18 व्या वर्षी करावी लागते. 18 व्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असतं. दहावीच्या वेळचं प्रमाणपत्र घेऊन भाऊ पदवीला गेला, की "हे जुनं आहे" असं ऐकायला मिळतं, आणि त्यात ऑफिसची चूक नसते. भावाला 18 पूर्ण झाली असतील तर याच आठवड्यात युडीआयडीच्या (दिव्यांगांसाठीचं केंद्राचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा. फोटो, सही, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात रुग्णालय निवडताना तिथे लर्निंग डिसेबिलिटीची तपासणी होते का, हे आधी फोन करून विचारा. मुंबईत शीव, केईएम आणि नायर इथे होते. जिल्ह्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, कारण या चाचण्यांसाठी लागणारा मानसतज्ज्ञ सगळीकडे नसतो. डोळे, कान, बुद्ध्यांक आणि मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असा क्रम असतो, त्यामुळे एका फेरीत काम होत नाही. खासगी मानसतज्ज्ञाचा अहवाल सोबत जरूर न्या, पण तो प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

सहा आठवड्यांत नवीन प्रमाणपत्र हातात येईलच असं नाही. म्हणून कॉलेजला जुन्या प्रमाणपत्राची प्रत, युडीआयडी अर्जाची पावती आणि रुग्णालयाने दिलेल्या तारखेचा कागद एकत्र द्या आणि या सत्रापुरती तात्पुरती परवानगी मागा. तिन्ही कागद एकत्र असले तर अर्ज बाजूला सारणं कठीण जातं.

कोणी "दिव्यांगत्व 40 टक्के आहे का?" असं विचारलं तर 11 फेब्रुवारी 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा निकाल दाखवा. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचा तो खटला होता. लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट घालता येत नाही, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 ला केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वैद्यकीय मंडळाने द्यायच्या दाखल्याचा नमुनाही आहे.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, परीक्षा विभागामार्फत. "योग्य ती सवलत मिळावी" असं कधीही लिहू नका, कारण योग्य काय ते मग दुसरंच कोणीतरी ठरवतं. साधारण असं लिहा: "दर तासाला 20 मिनिटे याप्रमाणे भरपाईचा (वाढीव) वेळ मिळावा, अडीच तासांच्या पेपरला 50 मिनिटे. अकाउंटन्सी व अर्थशास्त्र या विषयांसाठी लेखनिक मिळावा. साधा कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी मिळावी. स्वतंत्र खोलीत बैठक व्यवस्था व्हावी. हीच व्यवस्था अंतर्गत परीक्षांनाही लागू असावी. परवानगीचे पत्र परीक्षेपूर्वी किमान दहा दिवस मिळावे." 20 मिनिटांचा आकडा केंद्राच्या 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतला आहे आणि तो किमान आहे. त्याच सूचनांत "वाढीव वेळ" हा शब्द टाळून भरपाईचा वेळ म्हणावं, असंही सांगितलं आहे. आपल्या सरकारी मराठीत अजून "अनुग्रह कालावधी" असा शब्द भेटतो. अनुग्रह म्हणजे कृपा, आणि इथे कोणी कृपा करत नाही, म्हणून अर्जात तो शब्द मी तरी घालणार नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढचं सगळं त्या शिक्क्यावर उभं राहतं.

लेखनिक स्वतः आणायचा की संस्थेने द्यायचा, ही निवड 2018 च्या सूचनांनुसार विद्यार्थ्याची होती; 2025 मध्ये केंद्राने या सूचना बदलल्या आहेत, म्हणून सध्या काय चालतं ते परिपत्रकात पाहा. "तुम्हीच शोधून आणा" असं सांगून संस्थेला हात झटकता येत नाहीत. स्वतः आणलात तर तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या पात्रतेचा असावा, असं 2018 च्या सूचनांत होतं. ही पायरी कशी मोजायची आणि शाखा कोणती चालेल, याचा अर्थ विद्यापीठागणिक बदलतो, ते परिपत्रकात पाहा. त्याच कॉलेजच्या ज्युनियर विभागात किंवा एनएसएसच्या शिक्षकांकडे विचारल्यास मुलं मिळतात. बारावीपेक्षा अकरावीचा विद्यार्थी बघा. उन्हाळी सत्राच्या सुमाराला बारावीवाल्यांची स्वतःची बोर्डाची धावपळ असते आणि ऐनवेळी नकार येतो. दुसऱ्याचंही नाव आधीच देऊन ठेवा. अचानक लेखनिक बदलण्याची मुभा सूचनांत आहे, पण बदली माणसाचे कागद सकाळी दहा वाजता कोण तपासणार?

अकाउंटन्सीला लेखनिकाचं अक्षर दुय्यम, रकाने महत्त्वाचे. भाऊ मराठी माध्यमातून पेपर देत असेल तर लेखनिकाला रोजकीर्द, खतावणी, तेरीज, नावे आणि जमा हे शब्द कानाला ओळखीचे हवेत. नाहीतर "नावे" सांगितलं की तो जमेच्या रकान्यात आकडा टाकतो, बेरीज जुळत नाही आणि चूक शोधण्यात पंधरा मिनिटं जातात. दोघांनी मिळून जुने तीन पेपर तरी घड्याळ लावून सोडवावेत. सांगायची पद्धत ठरवून घ्या: आधी कोणता आराखडा आखायचा ते, मग तारीख, तपशील, कोणती बाजू, शेवटी रक्कम. प्रत्येक नोंदीनंतर लेखनिकाने रक्कम वाचून दाखवायची. परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटू देण्याची तरतूद आहे, पण दोन दिवस फक्त ओळख व्हायला पुरतात.

परीक्षेच्या दिवशी परवानगी पत्राच्या तीन प्रती जवळ ठेवा. एक केंद्रप्रमुखांना, एक खोलीतल्या पर्यवेक्षकांना, एक स्वतःकडे. सर्वांत जास्त घडणारी गडबड अशी: पर्यवेक्षक मध्येच बदलतात, नव्या माणसाला काही माहीत नसतं आणि नेहमीची घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढली जाते. पेपर सुरू होतानाच संपण्याची वेळ फळ्यावर लिहून घ्या. साडेदहा ते एकचा पेपर असेल तर "1:50" असा आकडा लिहिलेला दिसू द्या. त्याच दिवशी दोनला दुसरा पेपर असेल तर मध्ये दहाच मिनिटं उरतात, म्हणून वेळापत्रक लागताच दुसरा पेपर उशिरा सुरू करण्याची लेखी मागणी करा. खोली वेगळी मागायची ती यासाठी, की भाऊ उत्तर बोलून सांगणार. इतरांत बसवलं तर तो कुजबुजत राहतो आणि लेखनिक निम्मं चुकीचं ऐकतो.

वर्गातल्या सोयी बहुतेक जण मागतच नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण वर्ष वर्गात जातं, परीक्षेत आठवडा. तास रेकॉर्ड करायची परवानगी आणि नोट्स आदल्या दिवशी, एवढं मागा. नोट्स कोणत्या स्वरूपात हव्यात तेही सांगा. मराठी नोट्स अनेकदा जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. फोनने त्या मोठ्याने वाचायला घेतल्या की निरर्थक अक्षरं ऐकू येतात. युनिकोडमधली वर्ड फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या वहीच्या फोटोचंही तेच. छापील पानाचा फोटो असेल तर गूगल ड्राइव्हमध्ये गूगल डॉक्स म्हणून उघडल्यावर मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो, हस्ताक्षराला मात्र हा उपाय भरवशाचा नाही. अँड्रॉइड फोनमध्ये निवडलेला मजकूर वाचून दाखवायची सोय फुकट असते. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व छापील मजकूर वाचायला अडचण असणाऱ्यांसाठी आहे, भावासाठी तिथे अर्ज करा. पाठ्यपुस्तक स्कॅन करून वाचता येईल असं करणं कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने वैध ठरलं आहे, त्यामुळे ग्रंथपालांनी नाही म्हणायचं कारण नाही.

नकार आलाच तर लेखी मागा. बहुतेक नकार तोंडी असतात आणि लेखी मागितल्यावर विरघळतात. तरी अडलं तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालांकडे. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनी दोन्ही ठेवायला सांगितले आहेत. त्याच्याबरोबरीने पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते, त्यांना कलम 80 खाली चौकशीचे अधिकार आहेत. तक्रारीला आवक शिक्क्याची ती प्रत जोडा.

भावाच्या संकोचाबद्दल. लेखनिक घेणं सक्तीचं नाही. लेखनिक नाकारून फक्त वेळ मागता येतो, विषयागणिक वेगळं ठरवता येतं, आणि संगणकावर टाइप करून पेपर देण्याचा पर्यायही 2018 च्या सूचनांत आहे. त्याला टाइपिंग जमत असेल तर तो जरूर मागा. सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे, सवय नसलेल्याचे गुण पहिल्यांदा घसरूही शकतात. घरी एक पेपर स्वतः लिहून आणि एक सांगून सोडवून बघा, दोन्ही कोणा शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मग त्यालाच ठरवू द्या.